व्यावसायिक शूटिंग गार्डची कारकीर्द कशी घडते आणि किती वर्षं टिकते?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय १८, उंची ६ फूट ४ इंच, गेली दोन वर्षं संघात सगळ्यात जास्त गुण तुझेच, आणि आता शूटिंग गार्ड म्हणून, म्हणजे मुख्यतः लांबून शॉट मारून गुण करणाऱ्या गार्डच्या जागेवर, व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचं आहे. त्यासाठी आणखी काय लागतं, आत शिरायची वाट कोणती आणि हे सगळं किती वर्षं चालतं? मी आधी खेळाडू आणि नंतर गार्डना शिकवणारा प्रशिक्षक म्हणून याच कामात राहिलो आहे, म्हणून हातचं न राखता लिहितो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. व्यावसायिक संघाच्या पहिल्या सरावाला जाशील तेव्हा तिथला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या जुन्या संघात सर्वाधिक गुण करणाराच असेल. चेंडू हातात ठेवून खेळ चालवणारे एकदोघे तिथे आधीपासून असतात आणि संघाचा मोठा पैसा त्यांच्यावरच लागलेला असतो. तुला घेतील ते त्यांचं काम सोपं करायला. त्यामुळे तुझ्याकडे बघताना प्रशिक्षकाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: चेंडू हातात नसताना हा मुलगा काय करतो? माझ्या मते शूटिंग गार्डची सगळी कारकीर्द या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी राहते. आत शिरणंही, टिकणंही आणि म्हातारपणी आणखी चार वर्षं काढणंही.

उदाहरण म्हणून एनबीएतला (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगमधला) ५ डिसेंबर २०१६ चा गोल्डन स्टेट विरुद्ध इंडियाना हा सामना शोधून बघ. गोल्डन स्टेटचा शूटिंग गार्ड क्ले थॉम्पसनने २९ मिनिटांत ६० गुण केले आणि त्यासाठी त्याने चेंडू फक्त ११ वेळा जमिनीवर आपटला. साठ गुण, अकरा ड्रिबल. बाकी सगळं धावणं, स्क्रीनचा (समोरच्याची वाट अडवून उभ्या राहिलेल्या आपल्याच सोबत्याचा) आधार घेणं, मोकळ्या जागेत वेळेवर पोचणं आणि चेंडू आला की सोडणं. तुझ्या शेवटच्या सामन्यात तुझे गुण किती होते ते तुला पाठ असेल. ड्रिबल किती होते तेही एकदा मोजून बघ.

आता हे मैदानावर कसं दिसतं ते जरा जवळून सांगतो. तू बेसलाइनपाशी (रिंगमागच्या कडेच्या रेषेपाशी) आहेस, तुझा सेंटर (बहुधा संघातला सगळ्यात उंच खेळाडू) कोपऱ्याच्या वर स्क्रीन लावून उभा आहे आणि तुला त्याच्या अंगावरून वळून थ्री-पॉइंट लाइनवर यायचं आहे (या रेषेबाहेरून मारलेल्या शॉटला तीन गुण, त्यालाच ‘थ्री’ म्हणतात). पहिली गोष्ट, तुझा खांदा त्याच्या कमरेला घासून गेला पाहिजे. मध्ये हातभर फट राहिली तर तुझा डिफेंडर त्या फटीतून निघतो आणि स्क्रीन वाया जातो. दुसरी गोष्ट, स्क्रीनपाशी पोचेपर्यंत चेंडूकडे न बघता डिफेंडरकडे बघ. तो तुझ्या मागून धावत येत असेल तर वळण आवळून थेट रिंगकडे जा. तो स्क्रीनच्या पलीकडून आडवा येऊन तुला वाटेत गाठायला बघत असेल तर उलट कोपऱ्याकडे सरक. तो आधीच वर येऊन वाट अडवून उभा असेल तर वर जाण्याचा आव आणून पाठीमागून रिंगकडे पळ. हा निर्णय दोन पावलांत व्हायला हवा, कारण पास देणाराही तुझी तीच दोन पावलं वाचत असतो. तिसरी गोष्ट, चेंडू हवेत असतानाच हात तयार, गुडघे वाकलेले, आणि रिंगच्या बाजूचा पाय आधी रोवलेला. दुसरा पाय येऊन टेकला की शॉट सुरू. चेंडू हातात आल्यावर जो वाकतो त्याला उशीर झालेलाच असतो. त्या तेवढ्या वेळात व्यावसायिक डिफेंडरचा हात तोंडासमोर येतो.

माझ्याकडे येणारी मुलं उभ्या जागी मारलेल्या शेकडो शॉटचा हिशेब मोबाइलवर दाखवतात. मेहनत खरी असते, पण सामन्यात तो शॉट क्वचित मिळतो. तिथे पंधरावीस मीटर धावून, कुणाला तरी धडकून, धाप लागलेली असताना शॉट घ्यावा लागतो. आणि थकवा आधी पायांत उतरतो. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर आहे, चेंडूचा साधारण २४. चेंडू ४५ अंशांच्या कोनात खाली उतरला तर त्याच्या वाटेवरून बघताना रिंगचं तोंड सुमारे ३२ सेंटिमीटरचं उरतं. ३० अंशांत आला तर साडेबावीस, म्हणजे चेंडूपेक्षाही लहान. कडेला न लागता तो आत जाऊच शकत नाही. पाय थकले की कमान बसते आणि चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. चौथ्या क्वार्टरमधले तुझे चुकलेले शॉट कुठे आपटतात ते लिहून ठेव. बहुतेक सगळे पुढच्या कडेवर असतील तर मनगट आणि कोपर दुरुस्त करत बसू नकोस, पाय कमावायला घे.

अंतराचंही भान ठेव. फिबाच्या (बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत थ्री-पॉइंट लाइन ६.७५ मीटरवर आहे. एनबीएत ती वरच्या बाजूला ७.२४ मीटर आणि कोपऱ्यांत ६.७० मीटर. अर्धा मीटर ऐकायला थोडा वाटतो, पण त्यासाठी पायांतून काढायची ताकद बरीच वाढते. कोपऱ्यात लाइन आणि साइडलाइन यांच्यामध्ये ९० सेंटिमीटरच्या आसपासच पट्टी असते. मोठ्या मापाचे बूट त्या पट्टीत जेमतेम मावतात, आणि खाली न बघता तिथे नेमकं उभं राहणं ही एक वेगळी कला आहे.

ती कला बघायची तर २०१३ च्या एनबीए फायनलचा सहावा सामना बघ (फायनल म्हणजे सात सामन्यांपर्यंत चालणारी मालिका, आधी चार जिंकेल तो विजेता). सॅन अँटोनिओ तीन गुणांनी पुढे होतं आणि ही लढत जिंकली की विजेतेपद त्यांचं. लेब्रॉन जेम्सचा शॉट चुकला, ख्रिस बॉशने रिबाउंड (रिंगवरून परतलेला चेंडू) पकडला. त्याच क्षणी रे ॲलन रिंगसमोरून उलट्या पावलांनी उजव्या कोपऱ्याकडे सरकत होता. चेंडू हातात आला तेव्हा त्याचे पाय लाइनच्या मागे पोचलेले होते, आणि त्याने तो तसाच वर सोडला. घड्याळात ५.२ सेकंद उरले असताना ९५-९५ अशी बरोबरी झाली. मायामीने तो सामना जादा वेळेत जिंकला आणि मग सातवाही. ॲलन तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि बेंचवरून, म्हणजे राखीव खेळाडू म्हणून येऊन खेळत होता. तोवर त्याच्या नावावर सर्वाधिक थ्रींचा विक्रम होता. निवृत्त होताना तो आकडा २,९७३ होता आणि डिसेंबर २०२१ मध्ये स्टीफन करीने तो मागे टाकला. पण मी मुलांना करीच्या आधी ॲलनची ती चार पावलं दाखवतो. करीच्या हातात चेंडू जितका वेळ असतो तितका तुमच्यापैकी फार थोड्यांच्या हातात असणार आहे.

आता आत शिरायची वाट. एनबीए ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, दोन फेऱ्यांत मिळून साठच्या आसपास खेळाडू निवडले जातात, तेही सगळ्या जगातून आणि सगळ्या जागांसाठी. पहिल्या फेरीत नाव आलं तर पहिल्या दोन वर्षांचे पैसे पक्के. तिसरं आणि चौथं वर्ष द्यायचं की नाही ते संघ ठरवतो. दुसऱ्या फेरीत अशी कसलीच हमी नाही. त्याखाली २०१७ पासून ‘टू-वे’ करार आला आहे: मुख्य संघ आणि जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगमधला त्याचा संघ या दोन्हींकडून खेळायचं, मुख्य संघाकडून जास्तीत जास्त ५० सामने, आणि मानधन नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मं. शूटिंग गार्डसाठी ही वाट वाईट नाही, कारण चांगल्या शूटरची गरज संघाला हंगामाच्या मध्येही अचानक पडते.

डॅनी ग्रीनचा प्रवास तू नीट वाचावास असं मला मनापासून वाटतं. २००९ च्या ड्राफ्टमध्ये तो ४६वा होता. क्लीव्हलँडने त्याला वर्षभरात सोडलं. सॅन अँटोनिओने घेतलं आणि काही दिवसांतच सोडलं. मग तो डेव्हलपमेंट लीगमध्ये (जी लीगचं जुनं नाव) खेळला, पुन्हा सॅन अँटोनिओत आला, मध्ये लॉकआउट झाला, म्हणजे मालक-खेळाडूंच्या वादात लीग बंद पडली, तेव्हा स्लोव्हेनियात खेळून आला. चार वर्षांनी, २०१३ च्या त्याच फायनलमध्ये, त्याने २७ थ्री मारले. एका फायनलमधला तो त्या वेळचा विक्रम होता आणि त्याआधी तो होता रे ॲलनच्या नावावर. पण पुढचंही ऐक. सातव्या सामन्यात त्याचे १२ पैकी ११ शॉट चुकले. नुसता शूटर असता तर त्याची किंमत तिथेच घसरली असती. पण तो समोरच्याच्या सर्वांत चांगल्या गार्डला धरून ठेवायचा, धावत परतून सोपे लेअप अडवायचा. २०१७ मध्ये त्याला लीगच्या डिफेन्स संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम बचाव करणाऱ्यांच्या यादीत, जागा मिळाली. २०१४ ला सॅन अँटोनिओ, २०१९ ला टोरांटो आणि २०२० ला लॉस एंजेलिस लेकर्स अशा तीन वेगवेगळ्या संघांबरोबर तो विजेता झाला. शॉट रुसतो, कुणाचाही रुसतो, कधी महिनाभर रुसतो. त्या महिन्यात तुला मैदानावर ठेवायला प्रशिक्षकाला दुसरं कारण लागतं, आणि गार्डच्या बाबतीत ते कारण बहुतेक वेळा डिफेन्स असतं.

तुझ्या उंचीबद्दल. बूट काढून मोज. एनबीएने २०१९ पासून बुटांशिवायची उंचीच नोंदवायला लावली आहे. अनवाणी ६ फूट ४ असशील तर या जागेला चालण्यासारखा आहेस, ६ फूट २ भरलास तर तुला पॉइंट गार्डचंही (चेंडू घेऊन खेळ चालवणाऱ्याचंही) थोडं काम यायलाच हवं. हातांचा फैलावही मोज, कारण डिफेन्समध्ये उंचीपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

एनबीए हेच एकमेव मैदान नाही, आणि हे मी दिलासा म्हणून सांगत नाही. जगातले बहुतेक व्यावसायिक गार्ड युरोप, आशिया, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतल्या लीगमध्ये पोट भरतात, आणि कित्येक जण उत्तम भरतात. मनू जिनोबिली १९९९ च्या ड्राफ्टमध्ये ५७वा होता. निवड झाल्यावरही तो इटलीतच खेळत राहिला, बोलोन्याबरोबर २००१ ची युरोलीग (युरोपातली अव्वल क्लब स्पर्धा) जिंकला आणि २५व्या वर्षी, २००२ मध्ये, सॅन अँटोनिओत आला. पुढे चार एनबीए विजेतेपदं, २००४ ला अथेन्समध्ये अर्जेंटिनासाठी ऑलिंपिक सुवर्ण, आणि ऐन भरात असताना बेंचवरून खेळायला तयार होऊन २००८ चा सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार. युरोपातलं खेळणं वेगळं: सामना ४० मिनिटांचा, लीगचे सामने बहुधा आठवड्याला एकदोन, पण प्रत्येक सामन्याचा ताण जास्त. दोन हरले की प्रशिक्षक जातो, चार हरले की परदेशी गार्ड जातो.

परदेशी कराराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तरुण खेळाडू इथेच सगळ्यात जास्त फसतात. रक्कम करापूर्वीची की कर वजा जाऊन हातात पडणारी, हे करारात शब्दांत लिहिलेलं हवं. घर, विमानाची तिकिटं, वैद्यकीय विमा, एजंटचा मोबदला कोण देणार, हेही. वैद्यकीय तपासणीत पास झाल्यावर करार कायम होतो असं कलम असेल तर तपासणी किती दिवसांत व्हायची ते लिहून घे; नाहीतर क्लब दोन आठवडे तुझा खेळ बघून मग ‘गुडघा ठीक वाटत नाही’ म्हणू शकतो. दुखापत झाली तर पगार चालू राहील का, हा प्रश्न लाजून टाळू नकोस. आणि सर्वांत महत्त्वाचं, वाद झाला तर तो बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलकडे जाईल असं कलम करारात असायलाच हवं. ही फिबाने २००७ मध्ये उभारलेली जिनिव्हाची लवाद व्यवस्था आहे. थकलेल्या पगाराचा निवाडा तिने दिला आणि क्लबने तो पाळला नाही, तर फिबा त्या क्लबला नवे खेळाडू नोंदवायला बंदी करू शकते. हे कलम नसेल तर तुला त्या देशाच्या कोर्टात, त्या देशाच्या भाषेत भांडावं लागेल. पगार एक महिना थकला की लगेच लेखी नोटीस द्यायची; ‘पुढच्या सामन्यानंतर देतो’ हे आश्वासन मी फार खेळाडूंना फार महिने ऐकताना पाहिलं आहे.

तुझी बहीणही गार्ड आहे असं लिहिलं आहेस. तिच्यासाठी चित्र थोडं वेगळं आहे. डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली स्त्रियांची लीग, उन्हाळ्यात चालते आणि तिथला पगार पुरुषांच्या मानाने बराच कमी राहिल्यामुळे अनेक जणी हिवाळ्यात परदेशी क्लबकडून खेळत आल्या आहेत, म्हणजे शरीराला सुट्टी अशी नाहीच. डायना टॉरासी २००४ मध्ये फिनिक्समध्ये आली, तिथेच २० हंगाम खेळली, १०,००० गुण ओलांडणारी त्या लीगमधली पहिली खेळाडू ठरली आणि तिची सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत. तिनेही २०१५ चा पूर्ण डब्ल्यूएनबीए हंगाम सोडला. विश्रांती घे म्हणून तिच्या रशियन क्लबने तिला त्याचे पैसे दिले होते. विश्रांती विकत घेता आली तर घ्यावी, इतकी ती मोलाची आहे.

आता किती वर्षं, या प्रश्नाकडे येतो. सरळ उत्तर: बहुतेकांची कारकीर्द त्यांना वाटलेल्यापेक्षा लवकर संपते, आणि ती बहुधा गुडघ्यात किंवा घोट्यात संपते. पोर्टलँडचा ब्रँडन रॉय २००७ चा सर्वोत्तम नवा खेळाडू होता. गुडघ्यांनी साथ सोडली आणि २०११ मध्ये २७व्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. नंतर परतायचा प्रयत्न केला तो पाच सामन्यांपुरता. कोबे ब्रायंटची टाच १२ एप्रिल २०१३ ला गेली, म्हणजे टाचेमागची अकिलिस नावाची शीर तुटली, आणि तशा पायाने तो दोन फ्री थ्रो मारून मगच बाहेर गेला. लोक त्या दोन फ्री थ्रोंचं कौतुक करतात, मलाही ते बघून भरून येतं. पण मी खेळाडूंना त्याच्या आधीचे आठवडे बघायला सांगतो: ३४ वर्षांचा गार्ड संघाला प्लेऑफमध्ये न्यायला जवळजवळ पूर्णवेळ मैदानावर होता. क्ले थॉम्पसनचा गुडघा जून २०१९ मध्ये गेला, तो बरा होत आला तोच दुसऱ्या पायाची अकिलिस गेली, आणि तो परतला जानेवारी २०२२ मध्ये, ९४१ दिवसांनी. त्याच वर्षी संघ पुन्हा विजेता झाला. पण नीट बघ, परतलेला थॉम्पसन समोरच्या सर्वोत्तम गार्डला पूर्वीसारखा धरून ठेवू शकत नव्हता. राहिलं ते स्क्रीनवरून पळणं आणि शॉट, आणि तेवढ्यावर तो पुढे टिकला.

पायांतला जोर उतरू लागला की गार्डला आपला खेळ बदलावा लागतो, आणि तो बदल जोर असतानाच शिकून ठेवावा लागतो. मायकेल जॉर्डनने १९९६ ते १९९८ ची तीन विजेतेपदं मिळवली तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता आणि रिंगवर झेप घेण्याऐवजी पाठ लावून, वळून, मागे झुकत मारलेल्या शॉटवर त्याचा मोठा भर होता. व्हिन्स कार्टर २००० सालच्या डंक स्पर्धेमुळे जगाला माहीत झाला. पण तो २२ हंगाम खेळला आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं बेंचवरून येणारा शूटर म्हणून. संघातला मुख्य माणूस या जागेवरून राखीव खेळाडूच्या जागेवर आनंदाने येणं सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांचा फोन बत्तिसाव्या-तेहतिसाव्या वर्षी वाजायचा थांबतो, शॉट अजून चांगला असतानाही.

पुढच्या वर्षभरात काय करायचं ते सांगतो. आठवड्यातून दोन दिवस ड्रिबल पूर्ण बंद ठेवून पाच विरुद्ध पाच खेळ. चेंडू घेतला की शॉट, पास किंवा फार तर एक ड्रिबल. शॉटचा सराव धावण्याच्या व्यायामाच्या शेवटी ठेव. प्रशिक्षकाला सांगून समोरच्या सर्वांत चांगल्या गार्डला तूच अडवायला घे, भले तुझे गुण कमी होवोत. एक एजंट लगेच शोधायची घाई नको. सही मागणारा पहिला माणूस सहसा योग्य नसतो, आणि फिबाचा परवाना नसलेल्याशी तर बोलूच नकोस.

आणि क्लबना पाठवायला जो व्हिडिओ केला आहेस त्यात फक्त पडलेले शॉट आहेत. तो तीन मिनिटांत आटप आणि सोबत दोन पूर्ण सामने न कापता पाठव, त्यातला एक हरलेला असू दे. निवड करणारे तो हरलेलाच आधी उघडतात. सुरुवातीलाच तुझा जर्सी नंबर, जर्सीचा रंग, जन्मतारीख आणि अनवाणी उंची लिही, म्हणजे चेंडू दुसऱ्याकडे असतानाही त्यांना तू लगेच सापडशील.